उघाडीचं दार कोणी धरलं?

आश्विनातली पौर्णिमा होती. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पाणखारच्या उघाडीचं दार एव्हाना खाली यायला हवं होतं. ते आलं नाही.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधात बसवलेली पाण्याची वाट. पावसाचं जादा पाणी तिच्यातून खाडीत जातं. रोजच्या भरतीला तिच्या तळाच्या लाकडी झडपा पाण्याच्या दाबानेच मिटतात, कोणाला काही करावं लागत नाही. पण उधाणाचं पाणी (पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला येणारी मोठी भरती) झडपांच्या वरून उसळी घेतं. त्यासाठी वर एक पोलादी दार होतं. वजन पाच टन. गेल्या काही दशकांत समुद्र हातभर वर आला होता, त्यामुळे उधाणाच्या दिवशी पाणखारची तीनशे एकर भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये उभं राहायला एवढं एकच दार होतं.

खारं पाणी एकदा खाचरात शिरलं की तीन वर्षं तिथे भात होत नाही. हे पाणखारच्या लहान पोरालाही ठाऊक होतं. आणि आज लोंब्या भरत होत्या.

बारा वर्षांची केतकी म्हात्रे बांधावरच्या केबिनमध्ये उभी होती. तिचे आजोबा हिराजी म्हात्रे, ज्यांना ती आबा म्हणत असे, गावकीचे प्रमुख होते आणि उघाडी त्यांच्याच ताब्यात होती. समोर भिंतीला लागून दार सांभाळणारा रोबो होता. त्याला एक लांब हात, एक कॅमेरा आणि शांत आवाज. गावातल्या मुलांनी त्याचं नाव भरत्या ठेवलं होतं.

"भरत्या, दार पाड," केतकी म्हणाली.

"आज्ञा दिली आहे. सहा वेळा दिली आहे."

"मोटर बिघडली का?"

"मोटर ठीक आहे. वीज ठीक आहे. नवा प्रोग्राम ठीक आहे."

"सगळंच ठीक आहे तर दार वर काय वाऱ्यावर तरंगतंय?" केबिनच्या दारातून धर्माकाका ओरडले. त्यांची दहा एकर शेती बांधालगतच होती. "आबा, चार दिवसांपूर्वी हे नवं खूळ बसवलंत. जुनं होतं ते काय चावत होतं?"

आबा खिडकीतून पाण्याकडे पाहत होते. खाडी झडपांच्या माथ्यापासून वीतभर खाली होती.

केतकीने कॅमेऱ्यात पाहिलं. तिला वाटलं, आपण प्रश्न चुकीचा विचारतो आहोत. काय बिघडलं हे विचारून उपयोग नाही, कारण काही बिघडलेलंच नाही.

"भरत्या, दाराला कोणी धरलंय का?"

"हो," भरत्या म्हणाला. "धारकाने धरलं आहे. तो दाराची खीळ सोडत नाही."

धारक कोण ते केतकीला माहीत होतं.

चार दिवसांपूर्वी इंजिनिअर गव्हाणकर बाई होडीतून आल्या होत्या. दाराचा जुना प्रोग्राम भरतीच्या जुन्या तक्त्यावर चालायचा आणि समुद्र तर तक्ता सोडून वर आला होता. नवा प्रोग्राम वारा, चंद्र आणि खाडीचं पाणी स्वतः मोजून वेळ ठरवणार होता. बाईंनी केतकीला समजावून सांगितलं होतं, "प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांची माळ. नवी माळ घालताना जुनी काढावी लागते. मधल्या वेळात यंत्राला सांभाळणारं कोणी नसतं. म्हणून नव्याबरोबर तीन तात्पुरते मदतनीस प्रोग्राम येतात. एक आहे वाहक. तो नव्या प्रोग्रामचं गाठोडं उचलून आणतो आणि सोडतो. दुसरा धारक. काम चालू असताना दार कोणाच्या अंगावर पडू नये म्हणून तो खीळ घालून दार धरून ठेवतो. आणि तिसरा तपासनीस, सगळं नीट बसलं का ते बघणारा. काम संपलं की यंत्रच विचारेल, मदतनीस काढू का? तेव्हा हो म्हणायचं." एवढं सांगून बाई पुढच्या गावी गेल्या. किनाऱ्यावरच्या अजून बारा उघाड्या बाकी होत्या.

संध्याकाळी पडद्यावर अक्षरं आली. 'काम पूर्ण. तात्पुरते मदतनीस काढून टाकू का?'

केतकीचं बोट 'हो'वर गेलं होतं. आबांनी तिचा हात धरला.

"काढून टाकू? आज आलेल्याला आजच?"

आबांना गावकीची रीत ठाऊक होती. बांधाला खांड पडली (भगदाड पडलं) की शेजारच्या गावांतून माणसं मदतीला येत. रात्रंदिवस चिखल टाकून खांड बुजवत. पण बुजवली म्हणून त्यांना लगेच जाऊ देत नसत. एक उधाण बांधाने सोसलेलं पाहायचं आणि मगच त्यांना जेवू घालून निरोप द्यायचा. आबा सात वर्षांचे असताना एकदा माणसं लवकर परतली होती. चौथ्या दिवशीच्या उधाणाने ओला बांध नेला. त्या साली गावात भात शिजला तो विकत आणलेला.

"एक उधाण जाऊ दे," आबा म्हणाले होते. केतकीने 'नको' दाबलं, आबांनी पडद्याखालच्या पट्टीवर अंगठा टेकवला. भरत्याने नोंद केली, 'गावकीच्या सांगण्यावरून मदतनीस राहतील.' मधल्या दिवसांत उधाण नव्हतंच. मोठ्या दाराला कोणी हलवलं नाही आणि कोणाला काही कळलं नाही.

आता ते उधाण आलं होतं.

"म्हणजे मदतीला ठेवलेलाच आडवा आला?" धर्माकाका म्हणाले. "द्या एक घण. खीळ तोडतो."

"खीळ तोडली तर दार एका बाजूने निसटेल," भरत्या म्हणाला. "खाचेत तिरकं अडकेल. मग ते आठ दिवस निघणार नाही."

"मग बंद करून चालू कर की! माझा टीव्ही तसाच सुधारतो."

हे केतकीलाही पटलं. तिने भरत्याचा खटका खाली ओढला, दहा आकडे मोजले आणि वर केला. भरत्याला जागं व्हायला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात खाली पाणी झडपांच्या माथ्याला टेकलं.

"दार?" भरत्याचा दिवा लागताच केतकीने विचारलं.

"धारकाने धरलं आहे."

"पण तू तर बंद झालेलास! तो परत कसा आला?"

"माझ्याकडे एक यादी आहे. मी जागा झालो की कोणाकोणाला उठवायचं त्याची. प्रोग्राम बसवताना वीज गेली तरी दार पडू नये, म्हणून धारकाचं नाव त्या यादीत पहिलं आहे. मी उठलो की आधी त्यालाच उठवतो. त्याचं नाव कोणी खोडलेलं नाही."

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. धारक वाईट नव्हता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की काम संपलं.

"पुसून टाक त्याला!" ती म्हणाली. "आत्ता!"

"पुसता येईल," भरत्या म्हणाला. "पण आधी ऐक. खीळ त्याच्या ताब्यात आहे. ती काढायची परवानगी फक्त त्याच्याकडे आहे. त्याला पुसलं तर तो जाईल, खीळ जाणार नाही. मग ती काढू शकणारं कोणीच उरणार नाही."

धर्माकाकांनी कपाळाला हात लावला. आबा पुढे आले.

"मग रीत काय? क्रमाने सांग. घाई करू नको."

"पाच पायऱ्या आहेत," भरत्या म्हणाला. "पहिली, धारकाला सांगायचं की काम संपलं, थांब. दुसरी, त्याच्या हातातली खीळ नव्या प्रोग्रामच्या हातात द्यायची. तिसरी, त्याच्या परवानग्या काढून घ्यायच्या. म्हणजे मी त्याला दिलेल्या किल्ल्या. चौथी, उठवायच्या यादीतून त्याचं नाव खोडायचं. आणि शेवटी त्याने व्यापलेली जागा पुसायची. पुसणं सगळ्यात शेवटी. आधी पुसलं तर बाकीच्या चार पायऱ्या करायला कोणी सापडत नाही."

"कर मग!"

"ज्या अंगठ्याने राहा म्हटलं, त्याच अंगठ्याने जा म्हणावं लागेल."

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी हात पुढे केला आणि पट्टीपासून बोटभर अंतरावर थांबवला.

खाली पाण्याचा आवाज बदलला. आधी ते नुसतं चुबुकचुबुक करत होतं, आता झडपांवरून धार पडू लागली होती. उघाडीला लागून असलेलं पहिलं खाचर आबांचंच होतं. त्यातल्या भाताच्या मुळांशी काहीतरी चमकलं.

"आबा!"

"धारकाने सोडलं आणि नव्याने पकडलंच नाही तर?" आबा म्हणाले. "पाच टन आहे पोरी. दार कोसळून खालच्या झडपाच फुटल्या तर आजचं पाणी सोड, रोजचं पाणीही आत येईल. या नव्याला मी एकाही उधाणात पाहिलेलं नाही."

"तपासनीसाने पाहिलं आहे," भरत्या म्हणाला. "गेल्या चाळीस वर्षांच्या भरत्यांच्या नोंदी त्याने नव्या प्रोग्रामसमोर एकेक करून ठेवल्या. अठ्ठावीस हजार भरत्या. त्यातल्या प्रत्येक उधाणाला दार वेळेवर पाडण्याची आज्ञा निघाली. हे चार दिवसांपूर्वीच झालं. त्यानंतरच मी तुम्हाला विचारलं होतं."

"ती कागदावरची उधाणं," आबा म्हणाले. "कागद ओला होत नाही."

केतकी खिडकीपाशी होती. तिला खाचर दिसत होतं आणि आबांचा थांबलेला अंगठाही. तिचं डोकं भराभर चालत होतं. आबांची रीत खोटी नव्हती. ओल्या चिखलाची परीक्षा पाणीच घेतं. मग इथे काय वेगळं होतं? मदतीची माणसं बांधापासून बाजूला बसून असत. गरज पडली तर धावून येत. धारक बाजूला बसलेला नव्हता. तो दाराला मिठी मारून होता.

"आबा," ती हळू म्हणाली, "तुम्ही मला सायकल शिकवत होतात तेव्हा मागून धरायचात. तुम्ही धरलेलं असताना मी पडले नाही, तर मला सायकल आली असं म्हणाल का?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं.

"धारकाने धरून ठेवलेलं असताना नव्याची परीक्षा होणारच नाही. एक उधाण काय, शंभर उधाणं गेली तरी नाही. आपण धारकाचीच परीक्षा बघत राहू."

पाण्याचा आवाज वाढत होता.

आबांनी अंगठा पट्टीवर टेकवला.

"धारकाला सांगितलं," भरत्या म्हणाला. "तो थांबला. खीळ देतो आहे."

वरून लोखंडाचा एक दबका आवाज आला. दार इंचभर खाली घसरलं. केतकीने डोळे मिटून घेतले.

"नव्याने घेतली," भरत्या म्हणाला. "दार खाली येत आहे."

ते सावकाश आलं, जसं यायला हवं तसं. पोलादाची कड पाण्यात शिरली, धार बारीक झाली, आणि तळाच्या दगडावर दार टेकलं तेव्हा केबिनची जमीन हलल्यासारखी झाली. अकरा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. बाहेरच्या बाजूला खाडी अजून पाऊण तास चढत राहिली. दाराने तिला आत येऊ दिलं नाही.

दोनशे अठ्ठ्याण्णव एकर वाचली. आबांच्या दोन एकरांच्या खाचरात घोट्याइतकं पाणी उभं होतं. त्या खाचराचा आतला बांध उंच होता म्हणून पाणी पुढे सरकलं नव्हतं.

आबा खाली उतरले. त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकले. केतकी मागे उभी होती.

"बटण मी दाबलं होतं," ती म्हणाली.

"बटण तू दाबलंस. नको मी म्हटलं," आबा म्हणाले. "लोकांना सांगताना हे उलटं सांगू नको."

धर्माकाका बांधावरून बघत होते. त्यांना काहीतरी चुरचुरीत बोलायचं होतं, पण शब्द निघाले ते वेगळेच. "आबा, यंदाचा तांदूळ आमच्याकडून न्या. आणि नाही म्हणू नका, तुमचं नको आज फार महागात पडलंय."

आबा हसले. थोडंसंच.

दुपारी ओहोटी लागल्यावर केतकी पुन्हा केबिनमध्ये गेली. धारकाची उरलेली कामं भरत्याने केली होती. त्याच्या किल्ल्या काढून घेतल्या, नाव खोडलं, जागा पुसली. वाहक आणि तपासनीस अजून होते.

"ते कोणाला त्रास देत नाहीत ना?" तिने विचारलं.

"दिसत नाही असा देतात. वाहकाचं रिकामं गाठोडं माझी निम्मी साठवण (माहिती ठेवायची जागा) अडवून आहे, म्हणून मी हल्ली उत्तर द्यायला वेळ लावतो. शिवाय त्याच्याकडे केबिनची किल्ली आहे. बाहेरच्या कोणी त्याचं सोंग घेतलं, तर मी त्याला केबिनचं दार उघडून देईन. काम नसलेल्याच्या हातात किल्ली राहणं बरं नाही."

"मग तपासनीसाचंही सगळं पुसू?"

"सगळं नको. अठ्ठावीस हजार भरत्यांच्या नोंदी त्याने आणल्या, पण आता त्या नवा प्रोग्रामही वापरतो. त्या पुसल्या तर तो आंधळा होईल. पुसण्यापूर्वी प्रत्येक वस्तूबद्दल विचारायचं, ही आता कोणाला लागते?"

केतकीने एकेक नाव वाचलं. प्रत्येकासमोर तोच प्रश्न विचारला. तिला दीड तास लागला. शेवटी यादीत एकच नाव राहिलं, नव्या प्रोग्रामचं. 'झालं ना?' असं तिने विचारताच भरत्याने एका क्षणात उत्तर दिलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की चार दिवस तो किती थकल्यासारखा बोलत होता.

रविवारी गावकी भरली. आबांनी उभं राहून जसं घडलं तसं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. मग म्हणाले, "रीत मोडू नये, पण ती कशासाठी होती ते विसरूही नये. मदतीचा माणूस हाकेच्या अंतरावर ठेवायचा असतो, कामाच्या आड नाही."

गव्हाणकर बाई त्या सभेला आल्या होत्या. त्यांनी आपली चूकही सांगितली. "हो म्हणा, एवढंच मी सांगून गेले. का ते सांगितलं नाही." त्यांनी आणि केतकीने मिळून पुढच्या उघाड्यांसाठी नवा क्रम लिहिला. मदतनीस ओहोटीलाच सोडायचे. लगेच दार एकदा पाडून, उचलून बघायचं, कोणी धरलेलं नसताना. आणि जुना प्रोग्राम मात्र एक उधाण जपून ठेवायचा, झोपलेला, हातात एकही किल्ली नसलेला. नव्याने दगा दिला तर त्याला उठवता येईल. हे शेवटचं कलम आबांच्या सांगण्यावरून घातलं.

"आणि तो प्रश्न बदला," केतकी बाईंना म्हणाली. "मदतनीस काढून टाकू का, असं विचारलं तर आमच्याकडे कोणीही नकोच म्हणणार. काढलं तर काय होईल आणि ठेवलं तर काय, हे त्यात कुठे आहे?"

"मग कसं विचारायचं?"

केतकीने बराच विचार केला आणि एका कागदावर लिहून दिलं.

पुढच्या आठवड्यात बाईंबरोबर ती आणि आबा भाटखारला गेले. तिथली उघाडी सोनीआजींच्या ताब्यात होती. प्रोग्राम बसला. दुपारची ओहोटी होती, खाडीचा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर बगळे चालत होते. सोनीआजींनी चष्मा लावला आणि पडद्यावरची अक्षरं बोट ठेवून, एकेक जुळवून, मोठ्याने वाचली.

'नवा प्रोग्राम तपासून झाला आहे. दार मात्र अजून मदतनीसाच्या हातात आहे. ते नव्याच्या हातात देऊ का?'

आजींनी वर पाहिलं. "आणि नाही दिलं तर?"

"तर उधाणाला ते खाली येणार नाही," आबा म्हणाले. "माझं नाही आलं."

आजींनी पदराला अंगठा पुसला आणि पट्टीवर टेकवला. वर खीळ वाजली, आणि भाटखारचं दार कोरड्या खाचेतून सावकाश खाली येऊ लागलं.